पद्मिनी गरम झाली की सेल्फ फक्त 'टक' करतो. वायरिंग बदलू का?

सिन्नरकर_८६
राम राम मंडळी. १९८६ ची प्रीमियर पद्मिनी बाबांमागे माझ्याकडे आली. मूळ १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, डिझेलचं इंजिन वगैरे बसवलेलं नाही. सकाळी थंड असताना पहिल्या सेल्फला उठते, जरा आळसावून का होईना. तीच गाडी तासभर पळवून कुठे थांबलो की चावी फिरवल्यावर पुढून एकदा 'टक', आणि मग काहीच नाही. हेडलाइट झकास लागतात, हॉर्न खणखणीत. अर्धा तास बोनेट उघडं ठेवलं तर कधी उठते, कधी नाही. मग लोक गोळा करायचे आणि धक्का.

आतापर्यंत: बॅटरी नवी घातली. सेल्फ उतरवून कार्बन आणि बुश बदलले, आर्मेचर (आतला फिरणारा भाग) तपासून घेतलं. सोलेनॉइडही, म्हणजे सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच, नवा. फरक शून्य. आता आमच्याकडचे इलेक्ट्रिशियन म्हणतात, "वायरिंग कुजलंय साहेब, सगळं हार्नेस नवीन टाकू." खर्चाचा आकडा इथे लिहीत नाही, घरातलेही हा धागा वाचतात.

हार्नेस टाकू का, की त्याआधी बघण्यासारखं काही आहे?

चहाबिस्किट
उतारावर पार्क करा. आमच्या काकांनी याच तंत्रावर सोळा वर्षं फियाट, म्हणजे पद्मिनीच, चालवली. त्यांचे मित्रही सगळे उतारावर राहणारे.

नानापेठी
हार्नेसला हात लावू नका! सेल्फचा खरा करंट हार्नेसमधून जातच नाही. बॅटरीच्या प्लसवरून जाड केबल थेट सोलेनॉइडच्या बोल्टवर येते. हार्नेसमधून येते ती चावीची वायर, सोलेनॉइडला 'ओढ' म्हणून सांगायला, बस. परतीचा रस्ता म्हणजे सेल्फची बॉडी, इंजिन, अर्थिंगची पट्टी, गाडीचा पत्रा आणि बॅटरीचा मायनस. या रस्त्यात कुठेही गंज असला तर तुम्ही सोन्याचा सेल्फ बसवा, टकच करणार.

आणि हेडलाइट लागतात म्हणजे बॅटरी-वायर ठीक, हे डोक्यातून काढा. दोन हेडलाइट मिळून दहा अँपिअरच्या आसपास घेतात. सेल्फ घेतो शंभर-दीडशे. आतल्या तारा निम्म्याहून जास्त तुटलेली केबलसुद्धा हेडलाइट मस्त पेटवते.

आवाजाचं गणित ढोबळ आहे, पण उपयोगी पडतं. टकटकटकटक अशी माळ लागली तर बॅटरी बसलीय किंवा टर्मिनल सैल. एकच दणकट टक आला तर सोलेनॉइड ओढतोय, पण मोटरला पुरेसं काही मिळत नाही किंवा मोटर अडकलीय. आवाजच नाही तर चावीपासून सोलेनॉइडपर्यंत कुठेतरी तुटलंय.

काळीपिवळीचा_पोरगा
आमच्या वडिलांची पद्मिनी टॅक्सी होती, मुंबईत. डिकीत एक छोटी हातोडी कायम असायची. सेल्फ उचलला नाही की बोनेट उघडायचं, सेल्फच्या बॉडीवर दोन हलके ठोके, गाडी चालू. पॅसेंजर खालीसुद्धा उतरायचा नाही. सिन्नरकर, आधी ते करून बघा.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता त्या रस्त्यावरून गेल्या. पेपरात फोटो आले तेव्हा वडील म्हणाले, "फोटो काढणाऱ्यांपैकी एकाने तरी त्या स्टिअरिंगवरच्या गिअरने गर्दीत हाफ क्लच मारून दाखवावा."

गोदाकाठ
वडिलांना दंडवत कळवा.

ओहम_शांती
हातोडीने गाडी चालू होते ते खरं आहे, पण त्याला कारण आहे. कार्बन झिजून आखूड झाले किंवा होल्डरमध्ये अडकले की ते आर्मेचरवर नीट टेकत नाहीत, ठोक्याने सरकतात. सिन्नरकरांचे कार्बन नुकतेच बदललेत. तेव्हा हातोडी डिकीत राहू द्या.

एक साधा मल्टिमीटर घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवा, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन चालू होणार नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर. आता कोणालातरी चावी मारायला बसवा. एका वेळी पाच-सात सेकंदच, मध्ये मिनिटभर दम घेऊ द्या.

आधी बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर मोजा. खुंट्यांवर म्हणतोय, क्लँपवर नाही. सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली जायला नको. मग प्लसची खुंटी ते सोलेनॉइडवरून मोटरमध्ये जाणारा बोल्ट: अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. मग मायनसची खुंटी ते इंजिनचा स्वच्छ खरवडलेला भाग: इथे पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग. शेवटी सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर चावी मारताना किती येतं ते.

सगळी मोजणी सेल्फ फिरत असतानाच. करंट वाहत नसेल तर गंजक्या जोडावरही मीटर शून्य दाखवतं आणि आपण खूश होतो.

सईची_आई
आमच्याकडे कोल्हापुरात सासऱ्यांची अँबेसिडर आहे, तिचा सेल्फ वेगळ्याच जातीचा. मोटर फिरली की बेंडिक्स, म्हणजे सेल्फचं छोटं दातेरी चाक, झटक्याने पुढे जाऊन फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये अडकतो. त्यामुळे आमच्याकडे 'टक' नसतं, 'घर्र्र्र' असतं: मोटर मोकळी फिरते, इंजिन ढिम्म. उद्यमनगरात एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी बेंडिक्स रॉकेलने धुऊन कोरडा बसवला. तेल-ग्रीस लावू नका म्हणाले, क्लचची धूळ चिकटून पुन्हा अडकतो. त्यानंतर त्रास नाही. सिन्नरकरांना याचा उपयोग नाही हे माहीत आहे, पण अँबेसिडरवाले इथे येतील तेव्हा सापडेल.

शिवाय आमच्याकडे बंपरमधून घालायचं हँडल आहे. सासरे सत्तरीतही मारत होते, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून. अंगठ्याने मूठ आवळली आणि इंजिनने उलटा झटका दिला की अंगठा मोडतो.

टर्मिनल_५०
सॅन होजेहून लिहितोय. माझी १९६८ ची बीटल आहे आणि सिन्नरकरांचं लक्षण शब्दशः बीटलवाल्यांचं. इंजिन मागे, चावी पुढे, त्यामुळे चावीची वायर गाडीभर फिरून सोलेनॉइडला येते. गरम झाल्यावर सोलेनॉइडच्या कॉइलचा रोध वाढतो, त्यात जुना स्विच आणि लांब वायर, सोलेनॉइड ओढतच नाही. इलाज एकच, रिले. सोलेनॉइडजवळ चार पिनचा रिले लावा, चावीची वायर रिलेला, आणि सोलेनॉइडला बॅटरीतून थेट. अर्ध्या तासाचं काम.

नानापेठी
त्यांचा सोलेनॉइड ओढतोय हो, टक येतोय ना. ओढणाऱ्याला रिले कशाला? आणि रिले हा मलमपट्टीचा प्रकार आहे. मूळ गाडीत कंपनीने रिले दिला नव्हता, तरी गाड्या वर्षानुवर्षं उठल्याच. कुठेतरी रोध वाढलाय तो शोधायचा सोडून शेजारून नवा रस्ता काढायचा हे मला पटत नाही.

टर्मिनल_५०
टक म्हणजे पूर्ण ओढलाच असं नाही. अर्धवट ओढूनही टक येतो आणि आतला तांब्याचा कॉन्टॅक्ट टेकत नाही. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. ३० चं ९० अंश झालं की जवळजवळ पाव पटीने जास्त. थंड असताना जेमतेम ओढणारा सोलेनॉइड गरम झाला की हार मानतो.

ओहम_शांती
दोघांचंही बरोबर असू शकतं, म्हणून तर मोजायचं. आकडे येईपर्यंत रिले-विरुद्ध-शुद्धता हा सामना पुढे ढकलावा ही विनंती.

लेस्टरचा_लेले
मोजताना ब्रिटिश गाडीवाल्यांनी एक लक्षात ठेवा. १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ आहेत, प्लस बॉडीला. माझ्याकडे तशीच आहे आणि मदतीला आलेला प्रत्येक सज्जन जंपर केबल हमखास उलटी लावायला जातो. फियाटचं तसं काही नाही, मायनस बॉडीलाच.

सिन्नरकर_८६
सगळ्यांचे आभार. मीटर मागवलंय, रविवारी मोजतो. दरम्यान एक किरकोळ प्रश्न. परवा गाडी उठेना म्हणून बराच वेळ सेल्फ मारला आणि नंतर चोक बंद करायला गेलो तर चोकचं बटण चटका बसेल इतकं गरम. इंजिनची उष्णता केबलमधून येत असेल ना? त्याचं काही करायचं का?

ओहम_शांती
थांबा, थांबा. हा किरकोळ प्रश्न नाही, हेच उत्तर आहे!

इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते पत्र्यापासून तुटलेलं. म्हणून अर्थिंगची पट्टी देतात. ती पट्टी निकामी झाली की करंट दुसरा रस्ता शोधतो. कार्ब्युरेटर इंजिनला बोल्ट केलेला, त्याला चोकची तार, ती तार डॅशबोर्डच्या पत्र्याला. सेल्फचा करंट त्या बारक्या तारेतून जायला बघतोय. उष्णता इंजिनची असती तर पाऊण मीटरवरच्या बटणापर्यंत इतकी आली नसती, आणि मधलं रबर आधी वितळलं असतं. सेल्फ मारणं आजच बंद करा. याच कारणाने चोकच्या आणि ॲक्सिलरेटरच्या केबल आवरणासकट जळालेल्या मी पाहिल्यात.

नानापेठी
शाब्बास! मीटर यायची वाट बघायचीही गरज नाही. एक जंपर केबल घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या ब्लॉकला किंवा सेल्फच्या बॉडीच्या बोल्टला, रंग खरवडून. मग चावी मारा. खणखणीत फिरला तर निकाल लागला. हातातली अंगठी, कडं, स्टीलचं घड्याळ काढून ठेवा आधी. बॅटरीच्या प्लसला पाना लागून तो पत्र्याला टेकला तर अंगठी बोटाला चिकटते, मी डोळ्यांनी बघितलंय.

काळीपिवळीचा_पोरगा
वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, "चोकची तार गरम म्हणजे अर्थिंग, हे पोरालाही माहीत असतं." मला माहीत नव्हतं.

सिन्नरकर_८६
मोजलं. थंड इंजिनवर, शेजारच्या मुलाला चावीवर बसवून.

बॅटरीच्या खुंट्यांवर, नुसतं उभं: १२.६
सेल्फ फिरताना खुंट्यांवर: ११.३
प्लसची बाजू: ०.३
मायनसची खुंटी ते इंजिन: २.६
सोलेनॉइडचं बारीक टर्मिनल, मायनसच्या खुंटीपासून: १०.१

मग नानांची जंपर केबल लावली. मंडळी, हा सेल्फ असा फिरतो हे मला माहीतच नव्हतं. मुलगा दचकला.

गाडीखाली जाऊन पट्टी शोधली. विणलेल्या तांब्याची आहे, निदान होती. बाहेरून काळी-हिरवी पण अखंड दिसत होती. हातात धरून वाकवली तर थिंबलपाशी (टोकाला दाबलेल्या कडीपाशी) भुसभुशीत, बिस्किटासारखी तुटली. पत्र्याच्या बाजूला तिच्याखाली अंडरकोटचा जाड थर. कोणीतरी कधीतरी खालून रंग मारून घेताना पट्टी काढून रंगावरच परत बसवली असणार.

चहाबिस्किट
माझ्या नावाचा तांत्रिक उपयोग झाल्याबद्दल आभारी आहे.

ओहम_शांती
गणित पाहा. ११.३ मधून प्लसचे ०.३ आणि मायनसचे २.६ गेले, मोटरला उरले ८.४. करंट १२० अँपिअर धरला तर २.६ भागिले १२०, म्हणजे ०.०२ ओहमच्या आसपास. एवढासा रोध साध्या मीटरच्या ओहम रेंजवर दिसत नाही, मीटरच्या स्वतःच्या वायरीच त्याहून जास्त दाखवतात. त्यामुळे "मी कंटिन्युइटी बघितली, बीप वाजला" याला सेल्फच्या बाबतीत काही अर्थ नाही. तुमच्या इलेक्ट्रिशियनने बहुधा तेवढंच केलं असेल.

थंड इंजिनला ८.४ व्होल्ट कसेबसे पुरले. गरम झाल्यावर सेल्फ, सोलेनॉइड, सगळ्यांचाच रोध वाढतो आणि मग तेही पुरत नाहीत.

पण शेवटचा आकडा मला खटकतो. बॅटरी ११.३ आणि सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर १०.१? ते १.२ व्होल्ट चावीच्या वाटेत जातायत. आधी पट्टी बदला, मग तिकडे बघू.

टर्मिनल_५०
मी काही बोलत नाही.

सिन्नरकर_८६
नवी पट्टी बसवली. चोकचं बटण आता गार. सिन्नर ते नाशिक ते सिन्नर, मध्ये मुद्दाम थांबून थांबून सेल्फ मारला, दर वेळी पहिल्या फटक्यात. इंजिन ते मायनस आता ०.१५. हार्नेसचा विषय संपला, घरात शांतता आहे.

अनामिक_वाचक
अभिनंदन. या निमित्ताने विचारतो, पद्मिनीला व्हिंटेजची पाटी मिळते का? आमच्याकडे १९७४ ची आहे.

गोदाकाठ
२०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, फार फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, क्रमांकात 'व्हीए' अक्षरं येतात. पण मग ती रोज बाजारात न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. रोज वापरायची असेल तर नेहमीची नोंदणी ठेवा आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहा. सिन्नरकरांच्या ८६ ला अजून वेळ आहे.

सिन्नरकर_८६
धागा वर काढतोय. ओहमरावांना खटकलं ते खरं निघालं. दुपारच्या उन्हात गाडी उभी होती, चावी मारली तर टकसुद्धा नाही. पूर्ण मौन. बारीक टर्मिनलवर मोजलं तर ७ व्होल्टच्या आसपास. चावीच्या स्विचमागून बाहेर पडतानाच्या वायरवर मात्र १२. म्हणजे मधेच कुठेतरी. डॅशबोर्डखाली वाकून वायर धरत गेलो तर ती इंजिनकडे न जाता उलट फिरून कार्पेटखाली शिरते. कार्पेट उचलायला लागलो तेवढ्यात आई दारातून म्हणाली, "ते सीटखालचं बटण आहे का अजून? हे उतरताना दर वेळी खाली हात घालून काहीतरी करायचे."

ड्रायव्हरच्या सीटखाली एक टॉगल स्विच. घरगुती, पंख्याच्या रेग्युलेटरशेजारी असतो तसला. चोर स्विच!

काळीपिवळीचा_पोरगा
हाहाहा! प्रत्येक फियाटमध्ये असायचाच. तिची चावी चमच्यानेही लागायची म्हणतात, मग दुसरं काय करणार. वडिलांचा ग्लोव्ह बॉक्सच्या आत होता.

सईची_आई
आमच्या सासऱ्यांनी दोन बसवलेत. एक खरा, एक चोराला फसवायला. कोणता कोणता ते आता त्यांनाही आठवत नाही.

नानापेठी
सोलेनॉइड ओढताना क्षणभर तीस-चाळीस अँपिअर घेऊ शकतो. घरगुती टॉगल पाच-सहा अँपिअरचा. दर वेळी आत बारीक ठिणगी, कॉन्टॅक्ट काळे, वर्षानुवर्षं. तरी इतकी टिकला म्हणजे मजबूत निघाला. काढा आणि वायर सरळ जोडा. जोड पिळून टेप मारू नका, क्रिम्प करा किंवा डाग द्या, वर उष्णतेने आकसणारी नळी.

सिन्नरकर_८६
काढायचा नाही असं आईचं मत आहे. मलाही ठेवावासा वाटतो. काही मार्ग?

ओहम_शांती
आहे. रिले.

टर्मिनल_५०
आता बोलू का?

पिन ३० ला बॅटरीचा प्लस, मध्ये फ्यूज. ८७ वरून सोलेनॉइडचं बारीक टर्मिनल. चावीची वायर चोर स्विचमधून ८६ ला. ८५ अर्थ. आता स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जाईल, ०.२ अँपिअरही नाही. ४० अँपिअरचा रिले घ्या, स्वस्तातला नको. रिले चिकटला तर चावी सोडल्यावरही सेल्फ फिरत राहतो.

नानापेठी
या कारणासाठी रिले मान्य. फक्त ८५ चा अर्थ रंगावर ठोकू नका, आपण एकदा ते बघितलंय. आणि टॉगलही नवा घ्या, जागा तीच ठेवा.

सिन्नरकर_८६
बसवला. बारीक टर्मिनलवर आता सेल्फ फिरताना मिळतात १०.९, बॅटरीवर ११.१. गरम गाडी, भर दुपार, पहिला फटका. नवी पट्टी नाशकात तयार मिळाली नाही, २५ चौरस मिलिमीटरच्या वेल्डिंग केबलला तांब्याचे थिंबल दाबून घेतले होते. इंजिन हलतं म्हणून थोडी सैल ठेवली, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दात असलेला वॉशर, बोल्ट आवळून वरून ग्रीस. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवलं.

पायडल_जीप
वाचनखूण साठवली. माझ्या जुन्या सीजे जीपला पायाने दाबायचा स्टार्टर आहे, सोलेनॉइड नाही, सगळा करंट त्या पायाखालच्या स्विचमधूनच जातो. हल्ली दाबल्यावर धूर येतो. यातलं काय लागू होतं?

नानापेठी
धूर येतोय तोवर दाबू नका, आधी बॅटरीचा मायनस काढा. तो स्विच खोलता येतो, आत तांब्याची चकती असते. जळलेली बाजू खाली करून उलटी बसवता येते का बघा. आणि नवीन धागा काढा, फोटोसकट. इथे आधीच अँबेसिडर घुसलीय.